ज्याचं त्यानं पुसायचं

फोन मंडळाच्या सुनीलचा होता. "आत्या, जयंतीला आठ दिवस राहिलेत. तुमची ओळ पुसायची हाय. कवा येताय?"

सुनील म्हणजे माझ्या माहेरच्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष. नाक ओढत गल्लीभर हिंडायचा तेव्हापासून ओळखते मी त्याला, आणि आता हा मला तारखा विचारतो. "बघू रे, येते," असं मी म्हणाले. छत्तीस वर्षं हेच म्हणत आलेय, जिभेला सवयच झालीय. पण या वेळी त्यानं फोन ठेवला नाही. "मामांनी अट घातलीया. ताईनं तिचं पुसलं की मी माझं पुसतो, म्हणालेत. तुमच्यापायी अडलंय बगा सगळं. भिंत रंगवायला एक पोरगी तयार हाय, तिचं सामानबी आलंय."

मामा म्हणजे माझा थोरला भाऊ; थोरला असला तरी मला ताईच म्हणतो. घरात आम्ही त्याला दादा म्हणतो आणि गल्ली पेंटर मामा म्हणते. सोलापुरात आमच्या भागात ज्या काही भिंती बोलत होत्या, त्यातल्या अर्ध्या त्याच्या हातानं बोलत होत्या. आता त्याला दिसत नाही. काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा.

फोन ठेवला आणि मी पिशवी भरायला घेतली. आमचे हे म्हणाले, "अचानक कुठं?" म्हटलं, "सोलापूरला. पुसायला." ते काही बोलले नाहीत. छत्तीस वर्षांत एवढं शहाणपण त्यांना आलंय.

आता ही पुसण्याची भानगड आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी समाजमंदिर आहे. त्याची रस्त्याकडची भिंत चाळीस फूट लांब, पुरुषभर उंच. दरवर्षी जयंतीच्या आधीच्या रविवारी ती चुन्यानं पांढरी करायची आणि त्यावर नवीन लिहायचं. आणि नियम असा, की गेल्या वर्षी ज्यानं जे लिहिलं, ते त्यानंच पुसायचं. दुसऱ्याच्या अक्षरावर कुणी कुंचला फिरवायचा नाही. मग लिहिणारा आजारी असो, परगावी असो, भांडून वेगळा राहिलेला असो. त्याला निरोप जायचा, तो यायचा, स्वतःच्या हातानं स्वतःच्या अक्षरावर चुना मारायचा, मगच पुढचं. हा नियम कुणी घातला, कधी घातला, मला ठाऊक नाही. दादाला विचारलं तर म्हणायचा, "हाय तर हाय. पाळायचा."

आणि त्या भिंतीवर डावीकडच्या टोकाला, जिन्याच्या पत्र्याखाली, माझी एक ओळ आहे. छत्तीस वर्षांपूर्वी लिहिलेली आणि अजून न पुसलेली.

एसटीतून उतरले तेव्हा दुपार टळत होती. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन कसं असतं हे सोलापूरकराला सांगायला नको आणि दुसऱ्याला सांगून पटत नाही. रिक्षावाल्यानं मला जुन्या मिलच्या बाजूनं आणलं. मिल गेली, तिचा भोंगा गेला, पण कंपाउंडची काळ्या दगडाची भिंत बरीचशी उभी आहे. तिच्यावर आता कोचिंग क्लासच्या जाहिराती आहेत आणि मूळव्याधीवर हमखास इलाज आहे. मी रिक्षा जरा हळू घ्यायला सांगितली. त्याला वाटलं मला मूळव्याध आहे.

मी वाचायला शिकले ती त्या भिंतीवर, शाळेत नाही. आमचे वडील मिलमध्ये होते. कधी सुट्टीच्या दिवशी मला सायकलच्या नळीवर बसवून ते बाजाराला न्यायचे, आणि ती भिंत आली की पायडल मारायचं थांबवायचे. सायकल आपोआप हळू व्हायची. "काय लिवलंय गं?" असं विचारायचे. त्यांना स्वतःला सहीपुरतंच येत होतं. भिंतीवर गेरूनं लिहिलेलं असायचं, हातहात उंचीची अक्षरं, घाईनं लिहिलेली, खाली ओघळ आलेले. मी एकेक अक्षर लावून म्हणायची, "मा… ग… ण्या… मान्य…" तोवर सायकल पुढं गेलेली असायची. "झाल्याच पाहिजेत," असं ते पुढचं स्वतःच म्हणायचे. म्हणजे काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक असायचं. मग विचारायचे कशाला, हे मला फार उशिरा कळलं.

किती भिंती होत्या. कोळशानं लिहिलेल्या, विटकरीनं लिहिलेल्या. 'येथे कचरा टाकू नये' आणि बरोबर त्याच्याखाली कचऱ्याचा ढीग. तलावाकाठच्या दगडांवर बदामात बाण मारून लिहिलेली नावं, त्यातली काही ओळखीची निघायची आणि मग गल्लीत आठवडाभर कुजबूज. निवडणूक सहा महिने लांब असली तरी पक्षांची माणसं भिंतींच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरात 'बुक' असं लिहून जायची, आणि गंमत म्हणजे ते सगळे पाळायचे. दादा एका पक्षाचं लिहायचा आणि त्याचा दोस्त दुसऱ्या पक्षाचं. दोघांत शिडी एकच. सकाळी हा चढायचा, दुपारी तो, आणि जेवायला दोघं एकाच झाडाखाली, एकाच डब्यातली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. भिंतीवर मात्र दोघं एकमेकांना खुर्चीवरून खाली खेचत असायचे.

लग्न निघालं की दाराच्या दोन्ही बाजूंना चित्रं. आमच्या वस्तीत पिंपळपान काढायचे, इतरांकडं हत्ती, मोर, भाले घेतलेले चोपदार. मधे नवरा-नवरीचं नाव. दादा ते फार जीव लावून करायचा. लग्नाचं लिहिलेलं मात्र पुसायचं नसतं, ते पावसानं जायचं. माझ्या लग्नात त्यानं माझं नाव दारावर असं काढलं होतं की सासरकडचे लोक जेवण सोडून ते बघत उभे राहिले. सासूबाईंना त्याचाही राग आला होता, पण तो वेगळा विषय.

पण खरा सण समाजमंदिराच्या भिंतीचा. आधी कळीचा चुना यायचा. लोखंडी पिपात ती ढेकळं टाकायची आणि वरून पाणी ओतायचं, की पीप खदखदायला लागायचं. आग नाही, चूल नाही आणि पाणी उकळतंय. गल्लीभर गरम, ओला, घशाला लागणारा वास पसरायचा. आई ओरडायची, "लांब व्हा, डोळ्यात उडंल." मग चुना निवला की त्यात शिजवलेला सरस. त्याचा वास इतका घाण की बायका नाकाला पदर लावून जायच्या. मूठभर मीठ. आणि शेवटी चिमटीभर नीळ, पांढरा अजून पांढरा दिसावा म्हणून. दादा बोट बुडवून नखावर घ्यायचा, उन्हात धरायचा, आणि मान हलवली की झालं, चुना तयार.

लिहिणं दुसऱ्या दिवशी. निळीत बुडवलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा आणि दादानं तो मधे चिमटीत ओढून सोडायचा. टण्ण. पांढऱ्या भिंतीवर सरळ निळी रेघ. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि त्यापाठोपाठ शेजारच्या घरातल्या मागांची खटखट, जी कधी थांबतच नव्हती. दादा अक्षरं खालून वर बांधत नसे. आधी सगळ्या ओळीची डोक्यावरची रेघ ओढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिला एकेक अक्षर लटकवत जायचा, दोरीवर कपडे वाळत घालतात तसं. मधे किती जागा सोडायची ते मोजत नसे. तरी शेवटचं अक्षर बरोबर भिंतीच्या शेवटी यायचं. लोक विचारायचे, कसं जमतं? तो म्हणायचा, "आधी वाचायचं, मग लिवायचं."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा त्यानं माझ्या हातात ब्रश दिला. म्हणाला, "ह्या टोकाला एक ओळ तुझी. काय लिवायचं ते तू ठरीव." त्याआधी कुठल्या बाईनं त्या भिंतीवर लिहिलं नव्हतं. पाच दिवस मी विचार केला. झोप नाही, जेवणावर लक्ष नाही, जसं काही मी संविधानच लिहायला बसलेय. शेवटी लिहिलं, 'पोरींनो, शाळा सोडू नका.' पाच दिवसांच्या मानानं फार काही नाही, पण माझं होतं. वडीलधाऱ्यांपैकी एकदोघांना ते 'पोरींनो' खटकलं. मुलींनो पाहिजे, म्हणाले. दादा ब्रश न थांबवताच बोलला, "लिवणारीला लिवू द्या की." विषय संपला. त्या ओळीमुळं कुणाची शाळा वाचली असा माझा काही दावा नाही. पण संध्याकाळी मी मुद्दाम चार वेळा त्या भिंतीवरून गेले होते, हे खरं.

त्याच वर्षी माझं लग्न होऊन मी अकलूजला गेले. पुढच्या वर्षी पुसायचा रविवार आला, निरोपही आला, पण मी गेले नाही. का नाही गेले ते आता उगाळण्यात अर्थ नाही. आईनं पत्रात लिहवून घेतलं होतं, की दादानं सगळी भिंत पांढरी केली आणि तुझी ओळ तेवढी सोडून दिली. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दिवाळीला माहेरी आले की दादा म्हणायचा, "पुसायला येणार का न्हाईस?" मी म्हणायची, "पुढच्या वर्षी." नंतर नंतर तर मी जयंतीच्या आधीचा रविवार चुकवूनच माहेरी जायला लागले. खरं सांगते, मला ती ओळ तिथं असलेली आवडायची. मी अकलूजला मास्तरीण झाले, पोरीबाळी झाल्या, केस पांढरे झाले, आणि सोलापुरात एका भिंतीवर मी वीस वर्षांचीच होते. हा निव्वळ स्वार्थ, दुसरं काही नाही. आणि दादा दरवर्षी माझ्या ओळीच्या कडेनं चुना मारत राहिला. गेल्या वर्षीचं स्वतःचं लिहिलेलं पुसायचा, नवं लिहायचा, माझ्या कोपऱ्याला धक्का लावायचा नाही.

सात वर्षांपूर्वी त्यानं शेवटचं लिहिलं. 'जयंतीनिमित्त सर्वांचे स्वागत.' निळ्या रंगात, भिंतीच्या बरोबर मधे. पुढच्या वर्षी तो पुसायला उठलाच नाही. कुणी आग्रह केला नाही. मग पोरांनी फ्लेक्स लावले, बांबूच्या चौकटीला बांधून, भिंतीपासून वीतभर लांब. खिळासुद्धा ठोकला नाही. मामांचं पुसलेलं नाही, म्हणून सात वर्षं त्या भिंतीला एकानंही ब्रश लावला नाही.

घरी पोचले तेव्हा दादा ओट्यावर बसला होता. पायांच्या आवाजावरूनच म्हणाला, "आलीस व्हय गं?"

"आले."

"बरं झालं," तो म्हणाला, पण चेहरा काही बरं झाल्यासारखा नव्हता.

वैनींनी मला आत बोलावलं. वैनी म्हणजे वळसंगच्या, शेतकऱ्याची लेक, उगाच बोलणार नाहीत. चहाचं आधण ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "वन्सं, एक सांगू का? तुमी पुसू नका."

"अहो, त्याच्यासाठीच तर आलेय."

"तुमी यायच्या न्हाईत म्हणून तर त्यांनी अट घातली," वैनी म्हणाल्या. "सुनील लई माग लागला हुता. न्हाई तरी किती दिस म्हणायचं? मग म्हणाले, ताईनं पुसलं की पुसतो. तुमी छत्तीस वर्सं आला न्हाईत, आता कशाला येताय असं वाटलं त्यांना. तुमी पुसलं की त्यांना पुसावंच लागंल. आन त्यांनी एकदा पुसलं की परत काय लिवायचे न्हाईत ते." चहा उतू जायला आला तसा त्यांनी गॅस बारीक केला. "रोज सकाळी जाऊन हात लावून येत्यात भिंतीला. म्हणत्यात फिरायला गेलतो."

मी चहा घेतला नाही. म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलेलं काम करायला वेळेवर आले, आणि नेमकी याच वेळी यायला नको होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच सुनील त्या पोरीला घेऊन आला. लावण्या तिचं नाव. बावीस-तेवीसची, केस बारीक कापलेले, पँटीवर रंगाचे डाग, पाठीवर डब्यांची खुळखुळणारी पिशवी. पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू बोलते, म्हणाली, आणि भिंतीवर मराठी लिहिते. चित्रकलेची पदवी झालेली. दादाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मामा, तुमची अक्षरं बघून बघून मी शिकले. स्टेशनकडच्या भिंतीवर तुमचा 'श' होता, तो मी वहीत दोनशे वेळा काढलाय."

दादा जरा ताठ बसला.

"तू काय करतीस?" त्यानं विचारलं.

"ग्राफिटी. स्प्रेनं." तिनं एक डबा काढून त्याच्या हातात दिला. दादानं तो कानाशी नेऊन हलवला, आत गोळी वाजली तशी मान डोलावली, मग वास घेतला आणि नाक मुरडलं.

मग लावण्यानं सगळा इतिहासच सांगायला घेतला. माझ्यातली मास्तरीण खूश झाली. म्हणाली, अमेरिकेत मोठ्या शहरांत गरीब वस्तीतली पोरं रेल्वेच्या डब्यांवर स्वतःचं नाव लिहायची, चोरून. कुणी विचारत नव्हतं त्यांना, म्हणून नाव लिहायचं आणि डबा शहरभर फिरवायचा. मग नावं मोठी होत गेली, रंगीत झाली, एकमेकांत गुंतली. पोलीस मागं लागायचे. मग वीसेक वर्षांनी तीच चित्रं मोठमोठ्या दालनांत लागली, लोक वाइनचे ग्लास घेऊन बघायला यायला लागले. कुठं कुठं तर शहरंच्या शहरं रंगवली. "त्याच्याआधीपासूनच आहे पण ते," ती म्हणाली. "माणसाला भिंत दिसली की लिहावंसंच वाटतं, गुहेत राहत होता तेव्हापासून."

दादा लक्ष देऊन ऐकत होता. मधेच म्हणाला, "ते डब्यावर लिवायचे म्हनतीस. मग पुसायला कोण जायचं?"

"रेल्वेवाले. रसायनानं धुवायचे."

"म्हणजे लिवणारे न्हाईत जायचे."

"नाही मामा. ते पळून जायचे."

"मग अर्धंच काम झालं की ते," दादा म्हणाला.

लावण्या हसली नाही. दादाच्या हातातला डबा परत घेतला. मग म्हणाली, "मामा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही करत. दुसरी भिंत बघते. सोलापुरात भिंती काय कमी आहेत?"

सुनील चुळबूळ करायला लागला. दादानं माझ्या दिशेला मान वळवली. मी त्याच्याजवळ सरकले आणि विचारलं, "दादा, खरं सांग. पुसू का मी? नको असेल तर मी आत्ता एसटी धरते. पुढच्या वर्षी येते म्हणते. सगळ्यांना सवय आहे माझी."

तो जरा हसला. "मला वाटलं तू यायची न्हाईस," तो म्हणाला.

"माहितीय. वैनी बोलल्या."

"आलीस पण."

"आले."

"मग आता काय," दादा म्हणाला. "पोरं सात वर्सं थांबली माज्यासाठी. एकाचीबी तक्रार न्हाई. आपल्या वेळी कुनी आसं थांबलं नसतं. चल, पूस. मी हाय."

आजकाल चुना बाजारात पिशवीतून तयार येतो, पण सुनीलनं कुठून कुठून कळीचाच आणला होता. पीप खदखदलं. गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली, कुणी जवळ आलं नाही. मी पदर खोचला आणि काथ्याचा कुंचला पिपात बुडवला.

पत्र्याखाली माझी ओळ होती. रंग जवळपास उडालेला, 'पोरींनो'तला अनुस्वार कधीच गळून पडलेला. अक्षर काय सुंदर वगैरे नव्हतं. शाळेतल्या पोरीनं असं काढलं असतं तर मी दहापैकी सहा दिले असते. बत्तीस वर्षं मी रोज फळा पुसला, दर तासाला पुसला, कधी काही वाटलं नाही. आणि इथं कुंचला उचलवेना. त्या वीस वर्षांच्या मुलीला म्हटलं, बाई, फार दिवस उभी राहिलीस, आणि मारला चुना. 'पोरींनो' गेलं. मग 'शाळा.' मग बाकीचं. डोळ्यातून पाणी येत होतं, ते चुन्यामुळं नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू.

मग दादाची पाळी. मी त्याला हाताला धरून मधे आणलं, कुंचला बुडवून त्याच्या मुठीत दिला आणि त्याचा हात त्याच्या पहिल्या अक्षरावर टेकवला. त्यानं आधी दुसऱ्या हाताच्या पंजानं भिंत चाचपली. मग लांब, एकसारखा फटका मारला, डावीकडून उजवीकडं. काय हात होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोळ्यांपुढं अंधार, आणि चुन्याचा पट्टा दोरा मारल्यासारखा सरळ. एक पाऊल सरकायचा, कुंचला पुढं करायचा, मी भरून द्यायची. 'जयंतीनिमित्त' गेलं. 'सर्वांचे' निम्मं गेलं. आणि मी बघतेय तर वरचा भाग पांढरा होतोय आणि अक्षरांचे पाय खाली तसेच राहतायत.

"दादा, जरा खाली घे," मी म्हणाले.

त्यानं घेतला.

"अजून खाली. अजून जरा. स्वागत खाली आहे."

त्याचा हात थांबला. आणि माझ्या तोंडातून काय गेलं ते मला कळलं.

ती ओळ वाकडी होती. सात वर्षांपूर्वी त्यानं लिहिली तेव्हाच त्याला दोऱ्याची रेघ दिसत नव्हती, आणि ओळ उजवीकडं उतरत उतरत गेली होती. त्यानं लिहून झाल्यावर विचारलं होतं, सरळ हाय का? सगळी गल्ली म्हणाली होती, सुतात हाय मामा. मला फोटो पाठवला होता, फोनवर मीही तेच म्हणाले होते. वैनी म्हणाल्या होत्या. शेंबडी पोरंसुद्धा म्हणाली होती. सात वर्षं एवढी मोठी गल्ली, एकाच्या तोंडून सत्य निसटलं नव्हतं, आणि मी अकलूजहून येऊन एका मिनिटात सांगून मोकळी झाले.

दादानं कुंचला खाली घेतला, अजून खाली घेतला, आणि 'स्वागत' पुसलं. मग म्हणाला, "बसू या."

आम्ही समोरच्या पायरीवर बसलो. चुना ओला असतो तोवर खालचं लिहिलेलं दिसतंच. वाळत जाईल तसा तो पांढरा होतो आणि मग अक्षरं जातात. समोर माझी ओळ दिसत होती, त्याची दिसत होती, दुधातून दिसावी तशी.

"दिसतंय का गं अजून?" दादानं विचारलं.

"दिसतंय."

ऊन भिंतीवर आलं होतं. वैनी दारातून बघत होत्या. लावण्या डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन खाली बसली होती, सुनीलला काही बोलायचं होतं तर तिनंच त्याला खुणेनं गप्प केलं. माझी ओळ आधी गेली. रंगच उरला नव्हता तिच्यात. मग 'जयंतीनिमित्त' फिकट झालं.

"आता?"

"आता पण दिसतंय."

'सर्वांचे' गेलं. शेवटी 'स्वागत' राहिलं, तिथं चुना जाड बसला होता. त्याचा काना गेला, मग 'त' गेला. आणि भिंत कोरी झाली. मी जन्मापासून ती भिंत बघतेय, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी पांढरी ती छत्तीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. मीच तर पाहू दिली नव्हती.

"आता दिसतंय का?" दादानं विचारलं.

"दिसतंय की," मी म्हणाले. "थोडं थोडं."

दादानं नाकानं लांब श्वास घेतला. "खोटं बोलतीस," तो म्हणाला. "चुना वाळला. ओल्याचा वास गेला."

मी खोचलेला पदर सोडला.

"किती उतरली हुती?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"ओळ."

मी वैनींकडं पाहिलं, त्यांनी तोंड आत फिरवलं. आता काही लपवायला उरलंच नव्हतं, समोर नुसती पांढरी भिंत होती.

"वीतभर," मी म्हणाले.

"वीतभर?" दादा म्हणाला. त्यानं स्वतःची वीत हवेत उघडली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि दुसऱ्या हातानं ती चाचपून पाहिली. "मला वाटलं, असंल चार बोटं." आणि तो हसायला लागला. खांदे हलायला लागले, तोंडातून आवाज फुटेना, डोळ्यांतून पाणी. "वीतभर. आन आख्खी गल्ली म्हणती सुतात हाय. सात वर्सं." त्यानं माझा चुन्यानं भरलेला हात शोधून काढला आणि घट्ट धरला. हसणं कधी थांबलं आणि दुसरं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून तो उठला, आणि आवाजाच्या अंदाजानं लावण्याकडं वळला.

"ये पोरी. भिंत मोकळी हाय. लिव," दादा म्हणाला. "वाकडं झालं तर मला आजच सांग."